परत आणून द्यायची अट

काका-काकूंकडून कुत्रा मिळवणं सोपं नव्हतं. खिशात पैसे घेऊन गेलात तर आणखीनच अवघड. दिवेघाट चढून वर गेलं की सासवडच्या अलीकडे एका कच्च्या रस्त्यावर त्यांची अर्ध्या एकराची जागा होती. मोठमोठ्या गाड्या तिथे फाटकाशी येऊन थांबायच्या आणि दहा मिनिटांत तशाच परत फिरायच्या. दोघांची नावं इथे लिहीत नाही. आपलं नाव कुठे आलेलं त्यांना आवडायचं नाही, आणि आता विचारायचीही सोय उरलेली नाही. रॉटवायलर जातीची कुत्री पाळणाऱ्यांत ते नुसते काका-काकू होते, इथेही तसेच राहू देत.

काका पिंपरीला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते, काकू शाळेत गणित शिकवायच्या. पहिली मादी त्यांनी १९९१ साली मद्रासहून रेल्वेच्या डॉग बॉक्समधून आणली. मोठ्या स्टेशनावर गाडी थांबली की काका उतरून तिला पाणी पाजायला धावायचे, आणि गाडी सुटते की काय म्हणून काकू इकडे डब्यात जीव मुठीत धरून बसायच्या. पुण्यात तेव्हा अल्सेशियन आणि डॉबरमनचा जमाना होता. हे काळंभोर, डोळ्यांवर तांबूस ठिपके असलेलं जनावर फिरायला नेलं की लोक विचारत, "हे अस्वल कुठून आणलंत?"

जातीचा इतिहास सांगायला काकांना कोणीही चालायचं, अगदी गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला मुलगासुद्धा. जर्मनीत नेकार नदीकाठी रॉटवाइल नावाचं गाव, तिथल्या खाटकांची ही कुत्री. गुरं हाकायची, मांसाची गाडी ओढायची. रेल्वे आली, गुरं रेल्वेनं जायला लागली आणि कुत्र्यांचं काम गेलं. १८८२ साली हाइलब्रॉनला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा ह्या जातीचा एकच कुत्रा आला होता, तोही यथातथाच. पुढे १९१० मध्ये पोलिसांनी त्यांना कामावर घेतलं म्हणून जात तगली आणि १९२१ मध्ये एडीआरके ही रॉटवायलरवाल्यांची जर्मन संस्था उभी राहिली. इथवर आले की काकांचा आवाज चढायचा. एडीआरकेत नोंदवलेल्या कुत्र्याला खुब्यांचे एक्स-रे आणि स्वभावाची परीक्षा पार केल्याशिवाय पिल्लं काढता येत नाहीत. "आणि आपल्याकडे? केसीआयचे, म्हणजे केनेल क्लबचे, पेपर दाखवले की झालं. पेपर म्हणजे जन्माचा दाखला रे बाबा, चारित्र्याचा नव्हे!"

ते स्वतः मात्र तसलेच कडक नियम पुण्यात पाळत होते. मादी दोन वर्षांची होईपर्यंत जोड लावायची नाही, एका मादीची आयुष्यात तीनच वेतं, दोन्हीकडचे खुबे तपासलेले. केंद्र सरकारचे कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आले ते २०१७ साली. अठरा महिन्यांच्या आत मादी लावू नये, वर्षाला एकच वेत, जन्मात पाचांहून जास्त नाही, दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, आणि राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी. जर्मनीत १९९८ मध्ये शेपूट कापायला बंदी आली तेव्हा ह्यांनीही कापणं थांबवलं. त्याचा फटका बसला. लांब शेपटीचं पिल्लू बघून गिऱ्हाइकं म्हणायची, "हा ओरिजनल नाही."

त्यांच्या विक्रीच्या कागदावर एक अट असायची. काकूंच्या गणिताच्या मास्तरीण अक्षरात लिहिलेली: कुत्रा कोणत्याही वयात, कोणत्याही कारणाने नकोसा झाला तर दुसऱ्याला द्यायचा नाही, विकायचा नाही, सोडून द्यायचा नाही. इथे परत आणून द्यायचा. कारण विचारलं जाणार नाही.

आणि लोक आणून देत. बदली झाली, बाळ झालं, सासूबाईंना दमा आहे, फ्लॅट घेतला. पुढे पुढे, त्यांच्या घरी न जन्मलेलेही यायला लागले, कारण 'तिथे नेऊन दिला की घेतात' ही बातमी पसरली. २००९ च्या सुमारास काकूंनी हिशोब मांडला. आवारात खोल्या आठ, त्यात परत आलेले आठ. म्हणजे नवं वेत काढायचं तर आतल्या एखाद्याला बाहेर काढायला हवं. पैदास त्या दिवशी बंद झाली. ह्याबद्दल त्यांनी कधी भाषण दिलं नाही, की पैदास करणाऱ्या इतरांना नावं ठेवली नाहीत. रेस्क्यू करणारी तरुण मंडळी काकांना कधी टोचून बोलायची, की तुम्हीच आधी जन्माला घातलेत. काका म्हणायचे, "हो, म्हणूनच सांभाळतोय."

मी त्यांच्याकडे गेले २०१८ मध्ये. आमचं हडपसरला रो-हाउस, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मला मोठा कुत्रा हवा होता, तोही रेस्क्यू केलेला. फोनवर काकूंनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "घरात कामाला कोण येतं?"

"एक मावशी येतात."

"त्यांना कुत्र्याची भीती वाटते का, विचारलंस? नाही ना? त्या सकाळी सातला येणार, तू अंघोळीला गेलेली असणार, दार कोण उघडणार? आधी त्यांना विचार. मग फोन कर."

मावशींना भीती वाटत नव्हती, उलट त्यांच्या माहेरी दौंडकडे शेतावर कुत्री होती. दुसऱ्या फोनला पुढचे प्रश्न. गणपतीत ढोल-ताशा किती लांबून वाजतो? दिवाळीला तुम्ही गावी जाता की इथेच असता? मुलाचे मित्र घरात धुडगूस घालतात का? कुत्रा नवऱ्याला हवाय की तुला? फिरवणार कोण, आणि आजारी पडला तर उचलून गाडीत घालणार कोण? पंचेचाळीस किलोचं जनावर जिन्यावरून खाली आणायला दोन माणसं लागतात, हे मला त्या प्रश्नातून पहिल्यांदा कळलं.

मग काका टेप घेऊन घर बघायला आले. आमची पुढची भिंत चार फूट होती. त्यांना सहा हवी होती, आणि फाटकाच्या आत आणखी एक फाटक, म्हणजे बाहेरचं उघडताना आतलं बंद राहील. खर्च ऐकून नवऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. काका शांतपणे म्हणाले, "कुरिअरवाल्याला चावला तर ह्याच्या कितीतरी पट जाईल, आणि कुत्राही जाईल." जाताना त्यांनी एक फाइल हातात ठेवली. केंद्राच्या पशुकल्याण मंडळानं २०१५ मध्ये काढलेल्या सूचनांची प्रत त्यात होती, सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असं सांगणारी. "चेअरमनना दाखव. पण भांडायला वापरू नकोस. आधी पेढे ने, मग कागद." तसंच केलं.

दुसरं फाटक बसल्यावर आम्हाला बंड्या दाखवण्यात आला. मुळशीकडच्या एका फार्महाउसवर तो साखळीला बांधलेला असायचा, दिवसरात्र. पट्टा लहानपणी घातलेला, मान वाढत गेली आणि पट्टा तेवढाच राहिला. तो कापून काढावा लागला होता. मानेभोवती बोटभर रुंदीचा बिनकेसांचा पट्टा राहिला तो शेवटपर्यंत. आला तेव्हा नाव होतं किलर, वय तीनच्या आसपास, वजन एकतीस किलो. जातीच्या नराचं वजन पन्नासच्या आसपास असतं, त्यावरून काय ते समजा. नाव काकूंनी बदललं. त्यांच्याकडे टायसन, किलर, डेव्हिल येत आणि बंड्या, गुंड्या, सखाराम होऊन जात. रस्त्यात "किलर, इकडे ये" अशी हाक मारली तर समोरचा माणूस काय करेल, हा त्यांचा साधा हिशोब.

आम्हाला पारावर बसवलं. त्याच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, आपसात बोलत बसायचं. काकांनी त्याला लांब दोरीवर सोडलं. बराच वेळ तो कुंपणाच्या कडेनं हुंगत फिरला. मग मागून आला आणि माझ्या नवऱ्याच्या पोटरीला सगळं अंग रेलून उभा राहिला. आणि छातीतून घर्र घर्र असा आवाज काढायला लागला. नवरा पांढराफटक. काकू हसल्या. "गुरगुरत नाहीये, बोलतोय. तोंड बघा, सैल आहे. कान बघा. खरी गुरगुर असते तेव्हा अंग ताठ होतं आणि आवाज मध्येच थांबतो. थांबला की घाबरायचं." हा फरक ऐकायला शिकण्यातच आमचे पहिले काही रविवार गेले.

कारण लगेच न्यायचा नाही, हा नियम होता. पावसाळाभर आम्ही रविवारी सासवडला जात होतो. मुलानं त्याला हातातून एकेक दाणा भरवायचा, पण मिठी मारायची नाही. भांड्यात खात असताना जवळ जायचं ते काहीतरी आणखी चांगलं घेऊनच, म्हणजे माणूस जवळ आला की खाणं वाढतं हे त्याच्या डोक्यात बसतं. मुसकं घालायचं तेही तिथेच शिकलो. जाळीचं, ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापता येतं आणि पाणी पिता येतं तसलं. काकू त्याच्या आत तळाशी चमचाभर दही लावायच्या आणि नुसतं हातात धरायच्या. बंड्यानं आपण होऊन तोंड आत घालायचं, दही चाटायचं, तोंड बाहेर काढायचं. पट्टा लावायचा नाही. असं कितीतरी दिवस. शेवटी मुसकं खुंटीवरून काढलं की तो शेपटी हलवत यायचा. दुखणाऱ्या कुत्र्याला डॉक्टरांकडे न्यायची वेळ येते तेव्हा ह्या तयारीचं मोल कळतं. ऐन वेळी जबरदस्तीनं मुसकं चढवणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्या हातांवरचे टाकेही.

घरी आणल्यावरचे नियम वहीच्या पानावर लिहून मिळाले. पहिले तीन दिवस कोपरा द्या आणि विसरून जा. अंघोळ नाही, पाहुणे नाहीत, सत्यनारायण नाही. तीन आठवड्यांत खरा स्वभाव दिसायला लागेल, तेव्हा घाबरू नका. तीन महिन्यांत घर त्याचं होईल. तो जिन्याखाली जाऊन बसला आणि चौथ्या दिवशी रात्री स्वतःहून सासूबाईंच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन आडवा झाला. तीच त्याची जागा ठरली. सासूबाई त्याला ओलांडून जाताना दर वेळी "सरक रे मेल्या" म्हणायच्या आणि तो दर वेळी फक्त डोळे वर करायचा.

महापालिकेचा परवाना, रेबीजची लस, जंताचं औषध हे सगळं यथासांग झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गोचीडतापाबद्दल मात्र सांगायला हवं. दुसऱ्या पावसाळ्यात बंड्या खाईना, आणि एका सकाळी त्याच्या नाकातून रक्ताची धार आली. मी काकूंना फोन केला. "हिरड्या बघ. पांढऱ्या आहेत? मग गोचीडताप. आत्ताच्या आत्ता रक्त तपासायला ने, प्लेटलेट्स बघायला सांग." प्लेटलेट्स खरंच तळाला गेल्या होत्या. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस, पोटात अन्न असताना, पण दुधा-दह्याबरोबर नाही, कारण त्यातल्या कॅल्शियममुळे औषध पुरतं अंगी लागत नाही. आठ दिवसांत कुत्रा उड्या मारायला लागला की लोक गोळ्या बंद करतात आणि ताप उलटतो. काकू रोज संध्याकाळी "किती राहिल्या?" एवढंच विचारायला फोन करायच्या.

२०२२ मध्ये तो पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागला. मनगटाच्या वर सूज. एक्स-रे बघून डॉक्टर गप्प झाले तेव्हाच समजलं. हाडाचा कर्करोग ह्या जातीत फार. पाय काढून औषधं दिली तर वर्षभर मिळालं असतं कदाचित, पण मागचे खुबे आधीच खराब, तीन पायांवर एवढं वजन पेललं नसतं. काका एसटीनं आले, बंड्याशेजारी फरशीवर बसले, पायाला हात न लावता नुसता त्याचा श्वास बघत राहिले. म्हणाले, "दुखण्याचं औषध चालतंय तोवर चालू दे. खायला उठला नाही की त्या दिवशी थांबवू. तो दिवस तू ठरवू नकोस, मी सांगेन." आणि त्यांनी सांगितलं. त्यांनी तो निर्णय माझ्याकडून काढून घेतला, ह्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

त्यानंतर मी कुत्रा नेला नाही, पण सासवडला जाणं सुरू राहिलं. काकांना कंपवात झाला होता. हात इतके थरथरायचे की इंजेक्शन भरता येईना. मी रविवारी जाऊन गोचीड काढणं, नखं कापणं, वजनं घेणं असली कामं करायला लागले.

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं परिपत्रक आलं. तेवीस जातींच्या विक्रीला आणि पैदाशीला परवाने देऊ नका, घरात आहेत त्यांची नसबंदी करा. यादीत रॉटवायलर होता. १० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं, पण मधल्या चार आठवड्यांत जे व्हायचं ते होऊन गेलं. फोन वाजायचा थांबेना. कुत्रा ठेवला तर पोलीस येतील का? उद्या घेऊन येऊ का? काहींनी फोनही केला नाही. मार्चअखेरीस एका सकाळी फाटकाला बाहेरून एक मादी बांधलेली सापडली, आचळं उतरलेली, पोट सुटायला लागलेलं. कुणीतरी पिल्लं विकण्यासाठी लावली होती आणि बातमी वाचून हात झटकले होते. काकू तिला सुंद्री म्हणू लागल्या.

एप्रिलच्या मध्यावर एक्स-रे काढून पिल्लांचे पाठीचे कणे मोजले, नऊ दिसत होते. मग रोज दोनदा ताप मोजायचा. एरवी १०१-१०१.५ असणारा पारा ९९ च्या खाली उतरला की चोवीस तासांत विते. एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी काकूंचा फोन आला, "अठ्ठ्याण्णव आठ. येतेस का? ह्यांचे हात चालत नाहीत." मी पोहोचले तेव्हा सुंद्री वर्तमानपत्रं फाडून ढीग करत होती. काका खुर्चीवर बसून तोंडी सूचना द्यायला सज्ज. काकूंच्या हातात वही, मांडीशी स्वयंपाकघरातला वजनकाटा, दोऱ्याची रीळ, आयोडीन आणि उन्हात वाळवलेले जुने पंचे.

पहिलं पिल्लू रात्री साडेदहाला आलं. पिशवी सुंद्रीनंच फाडली, नाळ तोडली, चाटून चाटून त्याला रडवलं. ४२० ग्रॅम, नर. काकूंनी वहीत लिहिलं आणि त्याच्या मानेला लाल लोकर बांधली. दुसरं, तिसरं, चौथं अर्ध्या-पाऊण तासानं. प्रत्येकामागे वार पडली का ते मोजायचं, कारण आत राहिली तर मादी तापानं जाऊ शकते. सहावं आलं ते हललंच नाही. पिशवीत तसंच, ढिलं. सुंद्रीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"घे," काका म्हणाले. "पिशवी फाड, तोंडावरून आधी. आता पंचानं घास. जोरात. आणखी जोरात. मोडत नाही ते. डोकं खाली कर, नाका-तोंडातलं पाणी पूस. घास." मी घासत होते, हातात ओलं, थंडगार, मुठीएवढं काहीतरी. जीभ निळसर. नाळ सुटायला लागली होती, रक्त यायला लागलं. "दोरा. पोटापासून बोटभर सोडून. काकूला धरू दे, तू गाठ मार." गाठ मारली, आयोडीनमध्ये बुडवली, पुन्हा घासलं. काका खुर्चीच्या हातांवर पंजे दाबून बसले होते, थरथर थांबवायला. मग त्या पिल्लाच्या छातीत एक उचकी आली. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी. तोंड उघडलं आणि दार करकरल्यासारखा आवाज आला. "लाव सडाला," काकू म्हणाल्या आणि वहीत लिहिलं: ३६०, नर, पिवळा. वेळ १:५०.

नऊच्या नऊ जगली. पुढचे दोन आठवडे खोली तापवून ठेवायची, कारण इतकी लहान पिल्लं स्वतःची ऊब धरू शकत नाहीत, गार पडलं की दूधही पचवत नाहीत. वजन सकाळ-संध्याकाळ. दहाव्या दिवसाच्या आत दुप्पट व्हायला हवं. पिवळा मागे पडला तेव्हा त्याला मागच्या, जास्त दुधाच्या सडांशी धरून बसायची पाळी लावली होती.

पिल्लांचे डोळे उघडत होते त्याच सुमारास, मे महिन्यात, चेन्नईच्या एका बागेत दोन रॉटवायलरांनी पाच वर्षांच्या मुलीला गंभीर जखमी केल्याची बातमी आली. काकूंनी ती मोठ्यानं वाचली. मला वाटलं, आता 'सगळी चूक मालकाची' असं काहीतरी म्हणतील. त्या एवढंच म्हणाल्या, "बिचारी पोर." आणि त्यानंतर पिल्लं मागायला आलेल्या प्रत्येकाला ती बातमी आधी वाचायला द्यायला लागल्या. वाचून जो म्हणायचा की आमचा तसा होणार नाही, त्याला चहा मिळायचा, पिल्लू नाही. 'हेवी बोन आहे का, बिग हेड आहे का' विचारणाऱ्याला चहाही नाही. जूनच्या शेवटी, आठ आठवडे पुरे झाल्यावर, एकेक घर ठरत गेलं. प्रत्येक कागदावर तीच जुनी अट, वर नसबंदीची एक नवी. तीही दीड-दोन वर्षांनंतरच, कारण वाढ पुरी व्हायच्या आत केली तर ह्या जातीत हाडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असं आढळलंय.

काका नोव्हेंबरमध्ये गेले. काकू पुढच्या मे महिन्यात, झोपेत. सकाळी दूधवाल्याला कुत्री भुंकत नाहीत ह्याचंच नवल वाटलं होतं.

मागे सात कुत्री राहिली आणि एक वही. जागा पुतण्याच्या नावावर होती. भला माणूस, त्यानं दिवाळीपर्यंत थांबायची तयारी दाखवली. आम्ही तिघीचौघं दर रविवारी येणारे, कामाला लागलो. नवी माणसं शोधण्याआधी वहीतली जुनी नावं काढली. ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी इथून कुत्रा नेला आणि शेवटपर्यंत सांभाळला, अशांच्या नावापुढे काकूंनी लाल शाईनं टिक केली होती. रॉटवायलर आठ-दहा वर्षं जगतो, म्हणजे ह्यातल्या बहुतेकांची घरं आता रिकामी होती. बरेच जण साठीच्या पुढचे, पिल्लाचा दंगा झेपणार नाही म्हणून पुन्हा न घेतलेले. त्यांना आम्ही म्हातारी कुत्री देऊ केली. सातवीतल्या नातीला घेऊन एक आजोबा फलटणहून आले आणि नऊ वर्षांच्या, एका डोळ्यानं आंधळ्या सखारामला घेऊन गेले. नवीन माणसं शोधत बसलो असतो तर त्याला कुणी घेतलं नसतं. सहा अशी गेली. सुंद्री माझ्याकडे आली.

काकूंचा फोन नंबर मी चालू ठेवलाय. सप्टेंबरमध्ये त्यावर एका बाईंचा फोन आला. पिवळ्या लोकरीचं पिल्लू त्यांनी नेलं होतं. नवऱ्याची कॅनडाला बदली झाली होती, कुत्र्याला नेणं जमत नव्हतं. शेजारी मागत होते, चांगले पैसे देत होते. "पण कागदावर लिहिलंय ना, परत आणून द्यायचा. काकू आहेत का?"

मी म्हटलं, इकडे हडपसरला आणा.

ठरल्या दिवशी गाडीतून उतरला तो बेचाळीस किलोचा उमदा नर, शेपूट लांब, पाठ सरळ. बरोबर लसींची फाइल, खाण्याचं पोतं, आणि मुसकं. मुसकं बघून त्यानं आपण होऊन तोंड पुढे केलं, म्हणजे घरात दही खर्च झालेलं होतं. बाई फाटकाशी उभ्या राहून रडल्या आणि मी त्यांना कारण विचारलं नाही.

सुंद्रीनं त्याला ओळखलं वगैरे काही नाही. पहिल्या दिवशी दातच दाखवले. दोघं वेगवेगळ्या वेळी बाहेर निघतात, फाटकं दोन असल्यानं ते जमतं. दोन वर्षांचा होईल तेव्हा खुब्यांचा एक्स-रे आणि नसबंदी एकाच भुलीत उरकायची आहे. तोवर तो कुठेही जाणार नाही. दरम्यान विचारणा येतायत. नाशिकचं एक कुटुंब मला बरं वाटतंय, पण त्यांच्याकडे फाटक एकच आहे.